बत्तिसाव्या वर्षीची निवृत्ती

कोणत्याही कसबी कामगाराला विचारावे की, बाबा, तुझा हात केव्हा बसला? गवंडी असो, सुतार असो, एस. टी.च्या डेपोतला मेकॅनिक असो, तो बहुधा सांगेल की तिशीच्या आसपास. पहिली काही वर्षे हत्याराची ओळख होण्यात जातात, पुढची काही माल नासण्यात जातात, आणि मग कोठे हात आपोआप चालू लागतो. त्यानंतरची पंचवीस-तीस वर्षे हा त्याच्या कमाईचा खरा काळ. परंतु असाही एक धंदा आहे की ज्यात तिशी उलटली म्हणजे माणसाची उतरण सुरू होते, आणि बत्तीस-पस्तिशीच्या घरात त्याला हत्यार खाली ठेवावे लागते. तो धंदा म्हणजे मैदानी खेळ. बरोबरीच्यांचा संसार जेव्हा मार्गी लागत असतो, तेव्हाच खेळाडूच्या हातात नारळ पडतो.

मग त्याने पुढे करावे काय? हा प्रश्न आम्ही येथे घेतला आहे. आम्ही खेळाचे पंडित नव्हे. आमचे आयुष्य मजुरी, करार, कपात आणि फंड यांच्या हिशोबात गेले, आणि त्याच हिशोबाच्या चष्म्यातून एका फुटबॉलपटूच्या कारकिर्दीकडे पाहावे असा आमचा विचार आहे.

वाशीम जिल्ह्यात फुटबॉलचे काय काम, असे कोणी म्हणेल. आपल्याकडे जत्रेत कुस्त्यांचा फड भरतो, कबड्डीच्या सामन्याला गाव लोटते, आणि क्रिकेटचे वेड तर घरोघर आहे. तरीसुद्धा सुब्रोतो चषकाच्या नावाने शाळकरी मुलांच्या फुटबॉल स्पर्धा होत असतात. जिल्ह्यातून विभागाला आणि विभागातून राज्याला अशा त्यांच्या पायऱ्या आहेत. एखाद्या घरचे पोर त्यात चमकू लागले की बाप विचारतो, “यात पोट भरते काय रे?” शिकलेली माणसे या प्रश्नाला हसतात. आम्हांस तो प्रश्न मोठा शहाणपणाचा वाटतो. त्याचे उत्तर उपदेशाने देता येत नाही. कोणाचे पोट कसे भरले, हे दाखवूनच द्यावे लागते. म्हणून खालिद जमील यांचे उदाहरण आम्ही निवडले आहे.

खालिद जमील यांचा जन्म १९७७ सालचा, कुवेतमधला. आईवडील भारतीय. १९९०-९१ च्या आखाती युद्धाच्या धामधुमीत हजारो भारतीय कुटुंबांना तेथून उठून यावे लागले. त्याच सुमारास हे कुटुंब मुंबईस आले. पोरगा फुटबॉल खेळणारा होता, आणि त्या काळच्या मुंबईत फुटबॉल खेळणाऱ्या पोराला एक ठरलेली वाट होती. ती वाट समजून घेतल्यावाचून पुढची गोष्ट कळणार नाही.

मुंबईचा फुटबॉल जुना आहे. रोव्हर्स चषकाची स्पर्धा तेथे १८९१ साली सुरू झाली आणि वेस्टर्न इंडिया फुटबॉल असोसिएशन १९११ साली स्थापन झाली. आरंभी हा खेळ गोऱ्या पलटणींचा. पुढे तो कचेऱ्या, कारखाने आणि गिरण्या यांच्या आश्रयाला आला. टाटा, कॅल्टेक्स, मफतलाल, ऑर्के मिल्स, मध्य रेल्वे, पश्चिम रेल्वे, एअर इंडिया, महिंद्र अशी नावे मैदानावर घुमत. पद्धत अशी होती की चांगल्या खेळाडूला कंपनी नोकरीत घेई. हजेरीपटावर त्याचे नाव कारकून किंवा कामगार म्हणून लागे. सकाळी सराव, दुपारी जमेल तसे कचेरीचे काम, आणि सामन्याच्या दिवशी रजा. काही कायम असत, काही नुसते करारावर. जो कायम झाला त्याचे भले होई. गुडघा मोडला तरी टेबल शाबूत राहत असे, आणि पस्तिसाव्या वर्षी बूट खुंटीला टांगले तरी अठ्ठावन्नपर्यंत पगार, फंड आणि ग्रॅच्युइटी यांची सोय असे. बापाच्या प्रश्नाचे उत्तर एकाच वाक्यात होते : खेळावर पोट भरत नाही, परंतु खेळामुळे नोकरी लागते आणि नोकरीवर पोट भरते.

या व्यवस्थेत दोष नव्हते असे नाही. कंपनीचा संघ म्हणजे साहेबाची मर्जी. साहेब हौशी असेतो संघ. साहेब बदलला की खर्चाची चौकशी. संघाला गावाचे नाव नसल्यामुळे गावाला त्याचे प्रेमही बेताचेच. परंतु माणसाच्या उतारवयाची तजवीज त्या जुन्या रीतीत होती, एवढे मान्य केलेच पाहिजे.

जमील या वाटेच्या शेवटच्या वाटसरूंपैकी एक. १९९७ च्या सुमारास ते महिंद्रच्या संघात आले, मग काही वर्षे एअर इंडियाकडे, आणि २००२ च्या सुमारास पुन्हा महिंद्रकडे. खेळण्याची जागा मधल्या फळीत. भारताच्या संघातूनही ते खेळले. पण पायाच्या दुखापती एकामागून एक आल्या. २००५-०६ च्या हंगामात डेरिक परेरा या गोमंतकीय मार्गदर्शकाच्या हाताखाली महिंद्र युनायटेडने राष्ट्रीय लीगचे विजेतेपद मिळविले. मुंबईच्या कोणत्याही संघाने ते मिळविल्याचा तो पहिला प्रसंग. जमील त्या क्लबात होते, परंतु दुखापतींनी त्यांना बाहेर बसविले होते. चाक फिरते आहे, माल निघतो आहे, गेटावर मिठाई वाटली जात आहे, आणि आपण मात्र आजारी रजेवर आहोत. हे दुःख कारखान्यातला माणूस चटकन ओळखील.

२००७ साली मुंबई एफ. सी. नावाचा नवा क्लब निघाला आणि जमील तिकडे गेले. हा क्लब खालच्या पायरीवरून सुरू झाला. २००८ साली त्याने आय-लीगच्या दुसऱ्या विभागाचे अजिंक्यपद मिळविले आणि तो वरच्या विभागात चढला. परंतु जमील यांच्या पायांनी आता साथ सोडली होती. २००९ साली, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी, त्यांनी खेळणे थांबविले.

सामान्यपणे खेळाडूची गोष्ट येथे संपते. यांची संपली नाही, याचे कारण असे की ज्या क्लबाने त्यांना अखेरचा जोडा दिला त्याच क्लबाने त्यांच्या हातात शिट्टी दिली. त्याच वर्षी मुंबई एफ. सी.ने जमील यांना मुख्य मार्गदर्शक नेमले. बत्तीस वर्षांचा मनुष्य, कालचे सोबती आज हाताखाली. खात्यातला एखादा कामगार एका रात्रीत जॉबर झाला म्हणजे काय होते, ते आम्ही पुष्कळदा पाहिले आहे. कालपर्यंत एका डब्यातले खाणारे आज त्याच्याकडे वाकड्या डोळ्यांनी पाहतात, आणि वरचे साहेब त्याला अजून आपला म्हणत नाहीत. दोहोंकडून मार. त्यातून जो तरतो तो कामाची खडान्‌खडा माहिती आणि वागण्यातला सारखेपणा या दोन गोष्टींच्या बळावरच.

येथे मार्गदर्शकाचे, म्हणजे कोचचे, काम काय असते हे थोडे उलगडून सांगितले पाहिजे. अकरा माणसे चेंडूमागे धावतात एवढेच प्रेक्षकाला दिसते. कोच पाहतो तो चेंडू नसलेल्या माणसांकडे. मैदान शंभराहून अधिक मीटर लांब आणि साठ-सत्तर मीटर रुंद. तेवढी जागा अकरा जणांनी झाकायची कशी, हा त्याचा हिशोब. पैसेवाला क्लब चपळ आणि महाग आघाडीवीर विकत घेतो. गरीब क्लबाला ते परवडत नाहीत. त्याचा कोच मग माणसे एकमेकांजवळ आणून दोन घट्ट रांगा उभ्या करतो, गोलासमोरची जागा अरुंद करतो, समोरच्याला कडेकडेने फिरवून दमवितो, आणि त्याचा पाय घसरला की लांब चेंडू टाकून धावतो. पाहणाऱ्याला हा खेळ देखणा वाटत नाही. पण कोंड्याचा मांडा करणाऱ्या गृहिणीला पक्वान्नाची कृती विचारण्यात अर्थ नसतो. जमील यांच्या खेळाला पुष्कळांनी रुक्ष म्हटले. ज्याच्या डब्यात कोंडाच आला त्याने मांडा तरी केला, हे म्हणणाऱ्यांनी ध्यानात घेतले नाही.

दुसरी गोष्ट लीगच्या गणिताची. विजयाला ३ गुण, बरोबरीला १, हार झाली तर शून्य. आणि हंगामाच्या अखेरीस तळाच्या संघाने खालच्या विभागात उतरायचे. खाली उतरणे म्हणजे जाहिरातदार जातात, खेळाडूंचे करार तुटतात, माळ्यापासून मालिश करणाऱ्यापर्यंत सगळ्यांच्या पोटावर पाय येतो. म्हणून तळाच्या क्लबाला बरोबरीचा एकेक गुण दिवाळीच्या बोनससारखा असतो. जमील यांनी मुंबई एफ. सी. सात हंगाम वरच्या विभागात टिकवून धरली. चषक एकही आला नाही. परंतु सात वर्षे कोणाचे काम गेले नाही, हा चषक काही लहान नव्हे.

२०१६ साली क्लबाने त्यांच्याशी फारकत घेतली. नंतर जे घडले ते एखाद्या कथेत घातले असते तर वाचकांनी लेखकाला बनविणारा म्हटले असते. मिझोरामच्या आयझॉल एफ. सी.ने त्यांना बोलाविले. हा क्लब नुकताच, २०१५-१६ च्या हंगामात, खाली उतरण्याच्या जागेवर आला होता. परंतु २०१६ साली साळगावकर, स्पोर्टिंग क्लुब द गोवा आणि धेंपो या गोव्याच्या तीन नामांकित क्लबांनी लीग सोडली, म्हणून जागा रिकामी झाली आणि आयझॉलला परत घेतले गेले. मुंबईहून जमील यांच्या ओळखीचे जयेश राणे, आशुतोष मेहता असे खेळाडू त्या संघात आले. बाकी बरीचशी पोरे डोंगरातली, स्थानिक. २२ एप्रिल २०१७ रोजी त्यांनी आपल्या मैदानावर मोहन बागानला १-० असे हरविले, आणि ३० एप्रिलला शिलाँग येथे शिलाँग लाजाँगशी १-१ अशी बरोबरी करून आय-लीग जिंकली. आयझॉल ३७ गुण, मोहन बागान ३६. ईशान्येकडील क्लबाने राष्ट्रीय लीग जिंकण्याची ती पहिली वेळ.

आणि त्याच हंगामात मुंबई एफ. सी. खाली उतरली व पुढे बंदच झाली.

येथे टाळ्या वाजवून थांबण्याचा मोह होतो. आम्ही थांबणार नाही, कारण कामगाराच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट यापुढेच आहे. इतका मोठा विजय मिळविलेल्या माणसाला पुढे स्थिर काम मिळाले काय? २०१७ मध्ये कोलकात्याच्या ईस्ट बंगालने त्यांना घेतले; एका हंगामानंतर ते तेथे नव्हते. जानेवारी २०१९ मध्ये मोहन बागान. हंगाम संपताच तेही संपले. एव्हाना देशातील वरची लीग म्हणून इंडियन सुपर लीग पुढे आली होती. आयझॉलने जिंकलेली आय-लीग मागे पडून दुय्यम ठरली. नव्या लीगमध्ये मुख्य मार्गदर्शक परदेशी असावा अशी जणू रीतच होती. जमील नॉर्थईस्ट युनायटेडमध्ये सहायक म्हणून राहिले. राष्ट्रीय लीग जिंकलेला मनुष्य दुसऱ्याच्या हाताखाली, आणि वरचा गेला की तात्पुरता कारभार याच्याकडे! आमच्या भाषेत याला बदली कामगार म्हणतात. जानेवारी २०२१ मध्ये असाच कारभार हाती आला, तेव्हा त्यांनी तो संघ उपांत्य फेरीपर्यंत नेला. आणि मग ऑक्टोबर २०२१ मध्ये त्यांना त्या जागेवर पुरते नेमण्यात आले. सुपर लीगमध्ये मुख्य मार्गदर्शक म्हणून पूर्ण नेमणूक झालेले ते पहिले भारतीय. पुढचा हंगाम वाईट गेला. मग बंगळुरू युनायटेड हा खालच्या विभागातला क्लब, आणि डिसेंबर २०२३ च्या अखेरीपासून जमशेदपूर एफ. सी. जमशेदपूरला त्यांनी २०२४-२५ मध्ये लीगच्या उपांत्य फेरीत आणि सुपर चषकाच्या अंतिम सामन्यात नेले.

१ ऑगस्ट २०२५ रोजी अखिल भारतीय फुटबॉल महासंघाने त्यांची भारताच्या संघाचे मुख्य मार्गदर्शक म्हणून निवड केली. गोव्याचे साव्हियो मदेरा २०१२ मध्ये त्या जागेवरून गेल्यानंतर तेरा वर्षे तेथे भारतीय मनुष्य पूर्णवेळ बसला नव्हता. सप्टेंबरमध्ये ताजिकिस्तानातील स्पर्धेत भारताने ओमानला पेनल्टींवर हरवून तिसरा क्रमांक मिळविला; वर्तमानपत्रांनी डोक्यावर घेतले. १४ ऑक्टोबरला मडगावात सिंगापूरकडून १-२ अशी हार झाली आणि आशियाई चषकाची वाट बंद झाली. १८ नोव्हेंबरला ढाक्यात बांगलादेशकडून ०-१. डोक्यावर घेणाऱ्यांनी खाली आपटले. कोचच्या हजेरीपटावर अर्धा दिवस नसतो. एकतर भरलेला दिवस, नाहीतर खाडा.

आता मुद्द्याची गोष्ट. जमील यांच्या चिकाटीचे कौतुक सर्वांनी केले आहे आणि ते योग्यच आहे. परंतु माणूस शिडीने वर गेला म्हणजे माणसाबरोबर शिडीही मोजावी. महिंद्रने त्यांना खेळाडू केले. तो संघ कंपनीने २०१० साली बंद केला. एअर इंडियाने त्यांना खेळविले. तिच्या संघाला क्लबांसाठी ठरविलेल्या नव्या अटी पुऱ्या करता न आल्यामुळे २०१३ मध्ये आय-लीगमधून जावे लागले. मुंबई एफ. सी.ने त्यांना कोच केले. ती २०१७ नंतर राहिली नाही. त्याच काळात पुण्याचे पुणे एफ. सी. आणि भारत एफ. सी. हे २०१५ साली, तर डी.एस.के. शिवाजियन्स २०१७ साली राष्ट्रीय लीगमधून गेले. ज्या ज्या पायरीवर या माणसाने पाय ठेवला, ती ती पायरी त्याच्यामागून काढून घेतली गेली. त्यामुळे “जमील झाले तसा तूही हो” असे आज एखाद्या पोराला सांगणे म्हणजे जळालेल्या पुलाचा रस्ता दाखविणे होय.

कंपन्यांना नुसते दोष देऊन आम्ही मोकळे होणार नाही. कंपनीच्या खात्याने चालविलेला संघ हा स्वतंत्र क्लब नव्हे, त्याचे हिशोब वेगळे असावेत, त्याची मुलांची शाळा असावी, या नव्या अटी मुळात वाईट नव्हत्या. प्रश्न एवढाच होता की, जुनी भिंत पाडताना आत राहणाऱ्यांना कोठे हलवायचे याचा विचार कोणी केला नाही. जुन्या रीतीत खेळ कच्चा आणि नोकरी पक्की होती. नव्या रीतीत करार मोठा झाला, नोकरी मात्र गेली. मोठा करारही किती खरा, ते २०२५ साली दिसले. लीग चालविण्याच्या हक्कांचा करार संपत आल्यामुळे जुलैमध्ये सुपर लीगचा हंगाम लांबणीवर टाकला गेला, आणि ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात, म्हणजे जमील यांची देशाच्या संघावर निवड झाली त्याच दिवसांत, त्या लीगमधल्या एका नामांकित क्लबाने आपल्या खेळाडूंचे व मार्गदर्शकांचे वेतन थांबविल्याचे जाहीर केले. देशाचे अव्वल खेळाडू ते. परंतु काम बंद, पगार बंद! गिरणीच्या फाटकावर टाळेबंदीची नोटीस लागते तेव्हा तीत याहून निराळे काय लिहिलेले असते?

कायद्याचे सांगायचे तर कोच हा मोठ्या अडचणीत सापडलेला प्राणी आहे. शिकविणाऱ्या माणसाला औद्योगिक कलह कायद्याखालचा ‘कामगार’ म्हणता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८८ साली गोव्यातील एका शिक्षिकेच्या प्रकरणात ठरविले. आणि कोच तर शिकविण्याचेच काम करतो. १९७२ च्या ग्रॅच्युइटी कायद्याला सलग पाच वर्षांची नोकरी लागे. दर वर्षी गाव बदलणाऱ्या माणसाची पाच वर्षे एका मालकाकडे भरायची कशी? २१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या श्रमसंहिता लागू झाल्या, त्यांत मुदतीच्या करारावरील नोकराला एका वर्षानंतर ग्रॅच्युइटीचा हक्क दिला आहे. ही चांगली गोष्ट. परंतु करारपत्रात ‘नोकर’ ऐवजी ‘सल्लागार’ असा शब्द घातला की तो हक्क मिळविण्यासाठी कोर्टाची पायरी चढावी लागते. तेव्हा खेळणाऱ्या पोरांनी सही करण्यापूर्वी तो एक शब्द तेवढा पाहावा.

दुसऱ्या देशांत हे दुखणे जुनेच आहे, आणि त्यावरचे औषध संघटना हेच ठरले. इंग्लंडमध्ये फुटबॉलपटूंची संघटना १९०७ साली मँचेस्टर येथे निघाली. तेथे खेळाडूच्या पगारावर वरची मर्यादा असे. १९६१ पर्यंत ती आठवड्यास २० पौंड होती. त्या वर्षी संपाची तयारी करून संघटनेने ती उठविली. तिचे तेव्हाचे पुढारी जिमी हिल हे ब्रेंटफर्ड आणि फुलहॅम या फारशा बड्या नसलेल्या क्लबांचे खेळाडू. त्याच वर्षी खेळणे सोडून ते कॉव्हेन्ट्री सिटीचे व्यवस्थापक झाले, आणि तिसऱ्या विभागात पडलेला तो क्लब १९६७ पर्यंत त्यांनी पहिल्या विभागात नेला. संघटना चालविलेला मनुष्य संघ उत्तम चालवितो, याचे आम्हांस तरी नवल वाटत नाही. पुढे ही संघटना आपल्या सभासदांना कोच होण्याचे शिक्षणही देऊ लागली. आपल्याकडे २००६ साली बायचुंग भुतिया यांच्या पुढाकाराने फुटबॉलपटूंची संघटना निघाली आहे. परंतु गावोगावच्या मैदानावर शिट्टी वाजविणाऱ्या कोचला तिची सावली अजून पोचलेली नाही.

मग आपल्याकडे करायचे काय? उत्तरासाठी विलायतेला जाण्याचे कारण नाही. सोयाबीनच्या हंगामात बाजार समितीच्या ओट्यावर जाऊन उभे राहावे. तेथला हमाल सकाळी एका अडत्याचे पोते उचलतो, दुपारी दुसऱ्याचे, संध्याकाळी तिसऱ्याचे. त्याचा मालक कोण? कोणीच नाही, किंवा सगळेच. पूर्वी याच सबबीवर त्याला फंड नाही, रजा नाही, म्हातारपण नाही. अण्णासाहेब पाटील आदींच्या लढ्यानंतर १९६९ साली महाराष्ट्राने माथाडी कायदा केला. त्याची युक्ती साधी आहे : कामगाराने एका मालकाचे न राहता मंडळाचे व्हावे. मालक मजुरी मंडळात भरतो, मजुरीवर ठरलेल्या टक्क्यांनी लेव्ही भरतो. मंडळ मजुरी वाटते आणि लेव्हीतून फंड, ग्रॅच्युइटी, रजा, औषधपाणी यांची तजवीज करते. मालक दहा झाले तरी कामगाराचे खाते एकच. जेथे मंडळाचा कारभार नीट आहे तेथे पाठीवर पोते वाहणाऱ्या माणसाने पोरीचे लग्न आणि घराचे छप्पर या बळावर उभे केलेले आम्ही पाहिले आहे.

आमची सूचना हीच. कोच हा आज शब्दशः हमालासारखाच आहे. हंगाम एकाचा, पुढचा हंगाम दुसऱ्याचा, उन्हाळी शिबिर तिसऱ्याचे. त्याच्यासाठी राज्याने एक मंडळ करावे. शाळा, क्लब, अकादमी, स्पर्धा भरविणारे, जे जे त्याला काम देतील त्यांनी मोबदल्यावर लेव्ही भरावी, आणि त्याचे खाते त्याच्या नावाने त्याच्याबरोबर फिरावे. मग जमील यांच्यासारखा मनुष्य दहा-बारा वर्षांत सहा गावे फिरला तरी त्याची सेवा तुटणार नाही. आणि जो जमील होणार नाही, जो जन्मभर तालुक्याच्या मैदानावर बारा-चौदा वर्षांच्या पोरांना पायाच्या आतल्या बाजूने चेंडू मारायला शिकवील, त्याचेही म्हातारपण उघड्यावर पडणार नाही. आमची खरी काळजी या दुसऱ्या माणसाची आहे. नागपूरला विजय बारसे या क्रीडाशिक्षकांनी झोपडपट्टीतली मुले घेऊन फुटबॉलचे केवढे काम उभे केले, ते विदर्भाला ठाऊक आहे. त्यावरून प्रेरणा घेतलेला ‘झुंड’ हा चित्रपट २०२२ साली घरोघर पोचला. परंतु हे काम उभे राहिले तेव्हा त्यांना महाविद्यालयातल्या नोकरीचा आधार होता. पोटाची काळजी मिटलेला मनुष्यच दुसऱ्याच्या पोराची काळजी वाहू शकतो.

वाशीम, रिसोड, मालेगाव, मंगरुळपीर, कारंजा आणि मानोरा या सहा तालुक्यांतल्या पालकांनी तोवर काय करावे, तेही सांगतो. पोराला खेळू द्यावे, पण शाळा सोडू देऊ नये. सरकारी नोकऱ्यांत गुणवंत खेळाडूंसाठी ५ टक्के जागा आहेत, त्यांना प्रमाणपत्राबरोबर शिक्षणही लागते. पोराचे वय वीस-बावीस होताच त्याने कोचच्या परवान्याची पहिली पायरी चढावी. ई, डी, सी, बी, ए आणि शेवटी प्रो अशा त्या पायऱ्या आहेत, आणि जमील यांनीही शेवटची पायरी गाठली ती टप्प्याटप्प्यानेच. गुडघा मोडल्यावर परवान्याचा अर्ज शोधण्यात हशील नाही. आणि गावातल्या शाळांनी, नगरपालिकेने आणि तालीम-मंडळांनी कोचला हारतुरे कमी द्यावेत, पण महिन्याच्या एका तारखेला ठरलेला पगार चुकवू नये.

बापाने विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर आज तरी असे आहे : यात एखाद्याचे पोट भरते, पुष्कळांचे भरत नाही, आणि ज्यांचे भरत नाही त्यांचा खेळ वाईट असतो असे मुळीच नाही. बत्तिसाव्या वर्षी हातात नारळ पडलेल्या प्रत्येक खेळाडूला दुसरे काम मिळेल, आणि त्या कामाला फंड असेल, अशी व्यवस्था ज्या दिवशी होईल, त्या दिवशी बापाला पोराच्या खेळाची धास्ती वाटणार नाही. ती व्यवस्था आपोआप येत नसते. हमालांनी ती मागितली, तेव्हाच त्यांना ती मिळाली.